प्रिंटरसोबत आलेला न मागितलेला माल

पेढीवर माल उतरला की जाणता व्यापारी आधी चलन हातात घेतो. मागणी वीस नगांची असेल आणि गाडीतून तेवीस नग निघाले, तर वरचे तीन फुकट आले म्हणून तो ते वखारीत लावून टाकत नाही. ते कोणाचे, कशासाठी आले आणि उद्या त्यांचे बिल कोणाच्या नावे निघेल, हे विचारल्याखेरीज त्यांना उंबऱ्याच्या आत जागा मिळत नाही. ही दक्षता पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरलेल्या घरांतही एक माल मात्र चलन न पाहता आत येतो. नवा प्रिंटर आणला जातो, तो संगणकाला जोडला जातो, पडद्यावर एकामागून एक चौकटी उमटतात आणि घरातले कोणीतरी घाईने प्रत्येक चौकटीवरचे ‘नेक्स्ट’ दाबत जाते. छपाई सुरू झाली की काम संपले, असे सर्वांना वाटते.

प्रत्यक्षात त्या दहा मिनिटांत संगणकात एक नव्हे, तर बहुधा पाच-सहा कार्यक्रम वस्तीला आलेले असतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांची चाहूल लागते. संगणक सुरू होताच ‘शाई संपत आली, येथे मागवा’ असा संदेश झळकतो. छायाचित्रे सजवण्याचे, पत्रिका बनवण्याचे आणि खाते उघडण्याचे आमंत्रण देणारी चित्रे पडद्यावर रांगेने उभी राहतात. काही वेळा ब्राउझरचे पहिले पान किंवा शोधयंत्रही बदललेले आढळते. हिशेबाचा कार्यक्रम पूर्वीपेक्षा सावकाश उघडू लागतो आणि दोष संगणकाच्या वयाला दिला जातो.

हे सारे काढून टाकावे असे अनेकांना वाटते. पण हात आखडतो. ‘हे काढलं आणि उद्या ऐन गर्दीत बिलच छापलं नाही तर?’ ही शंका घराघरांत ऐकू येते. न मागितलेला माल वर्षानुवर्षे संगणकात टिकून राहतो, तो बहुतांशी या एका भीतीमुळे. म्हणून छपाईसाठी नेमके काय लागते आणि काय लागत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

छपाईला खरोखर लागतो तो एकच घटक. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर हा दुभाष्या होय. संगणकाची आज्ञा प्रिंटरला समजेल अशा भाषेत पोचवणे एवढेच त्याचे काम. प्रिंटरला स्कॅनरही जोडलेला असेल, तर त्यासाठी आणखी एक छोटा घटक लागतो. बाकीचे सोबती निराळे. शाईची पातळी दाखवत नवी शाई विकू पाहणारा कार्यक्रम, छायाचित्रांचा कार्यक्रम, स्वतःच नवी आवृत्ती शोधत राहणारा कार्यक्रम आणि वापराची माहिती कंपनीकडे पाठवणारा कार्यक्रम, असे त्यांचे प्रकार असतात. या शेवटच्या प्रकाराची नावे फसवी वाटण्याइतकी सौम्य असतात. एचपीच्या प्रिंटरसोबत येणारा ‘प्रॉडक्ट इम्प्रूव्हमेंट स्टडी’ आणि कॅननसोबत येणारा ‘एक्स्टेंडेड सर्व्हे प्रोग्राम’ ही त्याची दोन उदाहरणे. ते विषाणू नव्हेत आणि त्यांच्यासाठी संमतीही विचारली जाते. परंतु ज्या ‘नेक्स्ट’च्या ओघात ती दिली जाते, त्या ओघात ती कोणी वाचत नाही.

आता तर पुष्कळदा कंपनीच्या ड्रायव्हरचीही गरज उरलेली नाही. ॲपलने 2010 मध्ये एअरप्रिंट आणले. 2013 मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स या कंपन्यांनी मोप्रिया अलायन्स स्थापन केली. अशा प्रयत्नांमुळे प्रिंटर आणि यंत्रे एका सामाईक भाषेत बोलू लागली. विंडोजमध्येही त्या सामाईक भाषेचा ड्रायव्हर मुळातच असतो, आणि कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोजच्या अद्यतनांतून पुरवणे टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केले. म्हणजे अलीकडचा प्रिंटर केवळ तारेने किंवा वायफायने जोडला, तरी बहुधा छपाई सुरू होते. सोबतची तबकडी घालण्याची किंवा कंपनीचा मोठा संच उतरवून घेण्याची गरज पडत नाही.

मग कंपन्या एवढा सोबतचा माल का पाठवतात? व्यापारी मनाला याचे उत्तर सहज पटेल. घरगुती प्रिंटर अनेकदा स्वस्तात विकला जातो आणि खरा नफा पुढे शाईवर मिळतो. म्हणून गिऱ्हाईकाच्या पडद्यावर सतत उपस्थित राहणे हे कंपनीच्या हिताचे असते. यात बेकायदेशीर काही असेलच असे नाही. पण हित कंपनीचे आहे आणि जागा आपली आहे, हा फरक विसरता कामा नये.

येथे कोणी म्हणेल, दोन-चार चित्रे पडद्यावर राहिली तर बिघडले काय? बिघडते ते असे. ज्या संगणकाला हा प्रिंटर जोडलेला असतो, त्याच संगणकावर दुकानाची खाती असतात, जीएसटीचे विवरण भरले जाते, बँकेचे व्यवहार होतात आणि मुलांच्या शाळेपासून घराच्या कर्जापर्यंतची आधार आणि पॅनची छायाप्रत साठवलेली असते. अशा ठिकाणी प्रत्येक अनावश्यक कार्यक्रम म्हणजे घराला पाडलेली आणखी एक खिडकी. ती पाडणाऱ्याचा हेतू वाईट नसला, तरी तिची कडी नीट बसली नाही तर तिसराच कोणी आत येऊ शकतो.

ही केवळ कल्पना नव्हे. लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरातींचा कार्यक्रम आधीपासूनच बसवलेला होता. खरेदीच्या संकेतस्थळांवर जाहिराती दाखवण्यासाठी तो सुरक्षित जोडणीच्या मध्ये शिरत असे. त्याची बांधणी इतकी कच्ची होती की बँकेच्या संकेतस्थळावरील कुलपाच्या चिन्हावरही विसंबता येईना. फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघडकीस आले आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीशी तडजोड करून, असा कार्यक्रम बसवण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे बंधन घातले. न मागितलेल्या मालाची किंमत कोठवर जाऊ शकते, हे या उदाहरणावरून कळते.

आता प्रत्यक्ष साफसफाई. ती एका बैठकीत, दुकान बंद झाल्यावर, शांतपणे करावी. प्रथम हिशेबाच्या विदेची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि त्याखालील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडून यादी तारखेनुसार लावावी. ज्या दिवशी प्रिंटर बसवला, त्या दिवशी आलेले सारे कार्यक्रम एका जागी दिसतात. चलनावरून माल ताडून घेण्यासारखेच हे काम आहे. प्रत्येकाचे नाव कागदावर उतरवावे आणि पुढे ‘हवा’ किंवा ‘नको’ असे लिहावे.

ज्या नावात ‘ड्रायव्हर’ किंवा ‘बेसिक डिव्हाइस सॉफ्टवेअर’ असे शब्द असतील, तो छपाईचा मूळ घटक समजून तसाच ठेवावा. ‘स्कॅन’ शब्द असेल आणि स्कॅनर वापरात असेल, तर तोही ठेवावा. ज्यांच्या नावात सर्व्हे, स्टडी, फोटो, शॉप, टूलबार असे शब्द येतात, ते एकेक करून ‘अनइन्स्टॉल’ करावे. प्रत्येक वेळी एकच कार्यक्रम काढून चाचणीचे एक पान छापून पाहावे. पान निघाले तर पुढे जावे. सारे एकदम काढले आणि काही अडले, तर चूक कोठे झाली ते शोधता येत नाही.

एखाद्या कार्यक्रमाविषयी निर्णय होत नसेल, तर तो काढण्याऐवजी झोपवून ठेवता येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप ॲप्स’ या यादीत संगणकाबरोबर आपोआप जागे होणारे कार्यक्रम दिसतात. तेथे ‘डिसेबल’ केले की तो कार्यक्रम राहतो, पण बोलावल्याशिवाय उठत नाही. महिनाभरात त्याची आठवणही झाली नाही, तर त्याला निरोप देण्यास हरकत नाही.

त्यानंतर ब्राउझर तपासावा. विस्तारांच्या यादीत अनोळखी नाव असेल तर ते काढावे. पहिले पान आणि शोधयंत्र पूर्ववत करावे. एवढे करताना चुकून ड्रायव्हरच निघून गेला, तरी घाबरण्याचे कारण नाही. सेटिंग्जमधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ या ठिकाणी प्रिंटर काढून पुन्हा जोडला, की विंडोज बहुधा स्वतःच दुभाष्याची सोय करते.

काढलेला कार्यक्रम पुन्हा उगवला, असा अनुभवही काहींना येतो. त्यामागे विंडोजची एक सोय असते. नवे यंत्र जोडले की त्याच्या कंपनीचे ॲप आपोआप उतरवून घेण्याची तिला मुभा असते. 2023 च्या अखेरीस तर जगभरातील अनेक संगणकांवर एचपीचा प्रिंटर नसतानाही ‘एचपी स्मार्ट’ हे ॲप आपोआप येऊन बसले आणि काहींच्या दुसऱ्याच कंपनीच्या प्रिंटरला एचपीचे नाव लागले. मायक्रोसॉफ्टने ही चूक मान्य करून डिसेंबर 2023 मध्ये ती दुरुस्त करणारे साधन दिले. ही मुभा बंद करायची असेल, तर विंडोजच्या शोधपट्टीत ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ असे लिहून उघडणाऱ्या चौकटीत ‘नो’ निवडावे. मात्र त्यानंतर एखाद्या नव्या यंत्रासाठी लागणारा घटक स्वतः मागवावा लागू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

मोबाइलचीही हीच कथा. प्रिंटरचे ॲप उतरवले की ते ठिकाणाची, छायाचित्रांची, कधी संपर्कयादीचीही परवानगी मागते. अँड्रॉइडवर वायफायवरचा प्रिंटर शोधताना ठिकाणाची परवानगी लागू शकते. पण ती ‘ॲप वापरताना फक्त’ एवढीच द्यावी आणि जोडणी झाल्यावर काढून घ्यावी. संपर्कयादीचा छपाईशी संबंध नाही. आयफोनवर एअरप्रिंट असल्याने पुष्कळदा ॲप लागतच नाही.

या साफसफाईत सर्वांत मोठा धोका कंपनीच्या मालापेक्षा वाटेवरच्या ठकांचा असतो. प्रिंटर अडला की माणूस शोधयंत्रात ड्रायव्हर किंवा मदतक्रमांक शोधतो, आणि वर दिसणारी पहिली जाहिरात खोट्या संकेतस्थळाची असू शकते. तेथला गोड आवाजाचा ‘तज्ज्ञ’ संगणकाचा ताबा दुरून मागतो आणि नजर बँकेच्या खात्यावर ठेवतो. म्हणून कंपनीचा पत्ता खोक्यावरून किंवा पुस्तिकेतून पाहून स्वतः टाइप करावा, संगणकाचा दूरताबा अनोळखी माणसाला देऊ नये, आणि पैसे गेल्याचे कळताच 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

कायदाही आता ग्राहकाच्या बाजूने बोलू लागला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसव्या मांडणीने अडकवण्याचे 13 प्रकार नमूद केले. हवी ती वस्तू मिळण्यासाठी असंबद्ध सेवेचे सदस्य होण्यास किंवा वैयक्तिक माहिती देण्यास भाग पाडणे, हा त्यांतील एक. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 नेही संमती कशी असावी ते सांगितले आहे. ती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी, माहिती घेऊन, कोणत्याही अटीविना आणि स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. ग्राहकाची तक्रार असेल, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी उपलब्ध आहे.

तरीही सर्वांत स्वस्त उपाय खरेदीच्या वेळचाच. प्रिंटर घेण्यापूर्वी खोक्यावरचा बारीक मजकूर वाचावा. काही मॉडेलांना खाते उघडणे, सतत इंटरनेट जोडलेले असणे आणि त्याच कंपनीची शाई वापरणे बंधनकारक असते. दुकानदाराला विचारावे, ‘एअरप्रिंट किंवा मोप्रिया आहे का? खाते न उघडता चालेल का?’ घरी आणल्यावर प्रथम कंपनीचा संच न घालता, नुसता जोडून पाहावा. संच घालावाच लागला, तर ‘रेकमेंडेड’ऐवजी ‘कस्टम’ हा मार्ग निवडून, आधीच खूण केलेल्या चौकटींतील नको त्या खुणा काढाव्यात. यात पाच मिनिटे अधिक जातील. घरातील तरुणांनी ती वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून द्यावीत, म्हणजे पुढच्या वेळी त्यांनाही चौकटी वाचता येतील.

दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास जुनी खाती मिटवून नवी उघडली जातात. त्याच आठवड्यात एकदा ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी उघडून, कोण कशासाठी आले आहे, हे प्रत्येक नावापुढे लिहिण्याचा नेम ठेवावा. ज्या नावापुढे लिहिण्यासारखे काही सापडणार नाही, त्याची जागा पुढच्या वर्षी रिकामी असावी.