वासाची लपाछपी आणि रात्रीचा धप्पा

लपाछपीतला सगळ्यात भारी क्षण कुठला? अर्थात धप्पा! ज्याच्यावर राज्य आहे तो बिचारा सगळीकडे शोधतोय, आणि मागून गुपचूप येऊन कुणीतरी पाठीवर थाप मारतं. आता हाच धप्पा रात्री अडीच वाजता एक लॅब्रेडोर देतोय अशी कल्पना करा. गाढ झोपलेल्या आईच्या अंगावर पंजा! अर्थ एकच, ऊठ, पोराची शुगर उतरतेय.

सायन्स फिक्शन नाही मंडळी. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये या कुत्र्यांना ‘डायबेटिक अलर्ट डॉग’ म्हणतात. ब्रिटनमधली ‘मेडिकल डिटेक्शन डॉग्ज’ ही संस्था २००८ मध्ये सुरू झाली, तिने असे कुत्रे तयार केले आहेत. आणि हे ट्रेनिंग म्हणजे चक्क खेळ असतो. बरेचसे डाव तर ज्याच्यासाठी कुत्रा आणलाय, त्या पोरालाच खेळता येतात.

आधी थोडे फंडे क्लिअर करू. टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. डोस, जेवण आणि धावपळ यांचं गणित जरा चुकलं की साखर घसरते. ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती ‘लो’. घाम, थरथर, चिडचिड सुरू होते. आणखी उतरली तर शुद्ध हरपू शकते, झटकाही येऊ शकतो. दिवसा निदान कुणाच्या तरी लक्षात येतं. रात्री? पोर झोपलेलं, घर झोपलेलं. म्हणून कित्येक आईबाबा गजर लावून रात्री उठतात. आपण एका डेडलाइनसाठी ‘नाइट मारली’ तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात झॉम्बी होतो. यांची नाइट शिफ्ट वर्षानुवर्षं चालते, कॉम्प-ऑफ नाही!

साखर उतरली की घरचा कुत्रा अस्वस्थ होतो, असे तीन किस्से २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले होते. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की साखर कमी झाल्यावर श्वासातला आयसोप्रीन नावाचा वायू वाढतो. कुत्र्याला नेमका तोच कळतो की वासांचं आख्खं मिश्रण, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. पण वासात काहीतरी बदलतं, एवढं धरून खेळ सुरू होतो.

खेळाचं सामान साधं आहे. शुगर ‘लो’ दिसली की कापसाचा बोळा मुलाने काही सेकंद तोंडात धरायचा, किंवा तो कपाळावरच्या घामाला पुसायचा. मग पिशवीत सीलबंद करून, वर आकडा आणि वेळ लिहून, फ्रीझरमध्ये. खाण्याचा वास मिसळू नये म्हणून हे खाण्याआधी उरकायचं. पण पोर सुस्तावलेलं असेल तर कापूस-बिपूस सोडा, आधी साखर! नमुना उद्याही मिळेल.

असाच बोळा शुगर नॉर्मल असतानाही घ्यायचा. तितकाच वेळ, तशीच पिशवी, तोच फ्रीझर. का, ते पुढे.

पहिला डाव ओळखीचा. भोकं पाडलेल्या डबीत ‘लो’चा बोळा ठेवायचा. कुत्र्याने नाक लावलं की लगेच शाबासकी आणि चिकनचा तुकडा. थोड्याच दिवसांत त्याला कळतं, हा वास म्हणजे पार्टी!

दुसरा डाव तीन डब्यांचा. एकीत ‘लो’, दुसरीत त्याच मुलाचा नॉर्मल बोळा, तिसरीत कोरा कापूस. नॉर्मल बोळा ठेवलाच नाही तर कुत्रा शिकतो, पण भलतंच शिकतो. ‘ओला कापूस म्हणजे खाऊ’ किंवा ‘या पोराचा वास म्हणजे खाऊ’. मग तो दिवसभर पंजे मारत बसणार!

तिसरा डाव पोरांचा फेव्हरिट. ‘लो’ची डबी खिशात टाकून मूल पडद्यामागे लपतं आणि राज्य कुत्र्यावर. सापडलं की पंजा, म्हणजेच धप्पा! काही ट्रेनर पंजाऐवजी नाकाने ढोसायला शिकवतात, काही गळ्यात लटकवलेली छोटी दांडी तोंडात धरायला. खूण कुठलीही चालेल, एकच हवी आणि झोपेतही कळेल अशी हवी. एका वेळी पाच मिनिटं खेळ पुरे. कुत्र्याला कंटाळा यायच्या आत डाव मोडायचा.

पण सगळ्यात महत्त्वाचा आहे चौथा डाव. तो दिसायला एकदम बोअर. सगळ्या डब्यांत नॉर्मल किंवा कोरा कापूस, ‘लो’ कुठेच नाही. कुत्र्याने सगळं हुंगून ‘इथे काही नाही’ म्हणत शांत बसायचं. आणि त्यालाही खाऊ मिळायला हवा! आपल्या ऑफिसातला ‘येस सर’वाला आठवा. बॉसला हवं तेच बोलतो, सगळं ओके म्हणतो आणि ऐनवेळी गोत्यात आणतो. ‘नाही’ म्हणायची सोय नसलेला कुत्रा तसाच होतो.

त्याच्या पुढचा डाव म्हणजे आंधळी कोशिंबीर, पण पट्टी मालकाच्या डोळ्यांवर. डब्या दुसऱ्याच कुणी मांडायच्या, मांडणाऱ्याने खोलीबाहेर जायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक ‘गणिती’ घोडा गाजत होता. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने शोधून काढलं की तो गणितं सोडवत नव्हता, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा, मानेचा बारीक बदल टिपत होता. कुत्रे तर आपल्याला पाठ ओळखतात. योग्य डबीशी आईचा श्वास क्षणभर थांबला, तरी त्यांना उत्तर मिळतं. रात्री आई झोपलेली असते, तेव्हा हे उत्तर कोण देणार?

म्हणूनच आकडे बघायचे. २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात २७ प्रशिक्षित कुत्रे होते. त्यांतल्या मधल्या दर्जाच्या कुत्र्याने साखर उतरल्याचे १०० पैकी ८३ प्रसंग पकडले. कौतुकास्पदच! पण कुत्र्याकुत्र्यात फरक भरपूर होता, आणि उरलेले १७ प्रसंग कुठल्यातरी घरातल्या रात्रीचेही असू शकतात ना? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आठ जणांच्या छोट्या अभ्यासात अंगावरचा सेन्सर बहुतेक वेळा कुत्र्याच्या आधी जागा झाला. २०१८ साली तर व्हर्जिनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी अशा कुत्र्यांच्या एका विक्रेत्यावर दावा लावला. वीस-पंचवीस हजार डॉलर मोजून कुटुंबांना धड शिकवलेले नसलेले कुत्रे मिळाले, असा आरोप होता.

तेव्हा नियम साधा. धप्पा मिळाला की बोट टोचून शुगर बघायची, वेळ आणि आकडा वहीत लिहायचा. नॉर्मल आली तर पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची. कुत्रा आला म्हणून सेन्सरचा गजर बंद करायचा नाही. कुत्रा जोडीला, मशीनच्या जागी नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? त्या पोराकडे बघा. दिवसभर त्याला ‘हे खाऊ नको’, ‘बोट दे’, ‘किती आली?’ ऐकावं लागतं. या खेळात मात्र डबी त्याच्या खिशात, हुकूम त्याचा, आणि एक चार पायांचा दोस्त त्याच्यासाठी घर पालथं घालतोय. पण मूड नसेल त्या दिवशी कापूस तोंडात कोंबू नका, तो नमुन्यांचा कारखाना नाही. कुत्रा चुकला तर त्याला रागवू नका. आणि पोराला आधीच सांगून ठेवा, त्याने ओळखलं नाही तर त्यात तुझा दोष नाही, त्याचाही नाही.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर या वीकेण्डला वेलचीची डबी घेऊन हेच डाव टाकून बघा. वन बीएचकेही पुरतो. डबी घट्ट बंद, भोकं बारीक आणि रिकामा डाव मस्ट! फक्त झायलिटॉलवालं शुगर-फ्री च्युइंगगम त्याच्या नाकापासून लांब ठेवा, कुत्र्यांना ते विषारी असतं. आणि हो, बिस्किटांचा डबाही उंचावर ठेवा. राज्य कुणावरही असो, तो सगळ्यात आधी सापडतो!