दाटीवाटीतली देवनागरी

उंच, अरुंद आणि ठसठशीत देवनागरी अक्षरे आता मराठी नजरेच्या सवयीची झाली आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 मध्ये ‘खंड’ आणि ‘टेको’ ही फाँट-कुटुंबे गूगल फाँट्सवर मोफत खुली केली आणि एरवी पैसे मोजून मिळणारे हे वळण कुणाच्याही हाती आले. ही अक्षरे आखली गेली ती मथळ्यांसाठी. ती दुकानाच्या पाटीवर, दिशादर्शक फलकावरही चालवावीत का, यावर मात्र जाणकारांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे.

अरुंद अक्षराच्या बाजूने पहिली साक्ष मराठी भाषाच देते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’ हा एकच शब्द एका स्तंभाच्या मथळ्यात बसवायचा, तर उपसंपादकापुढे अक्षर लहान करणे किंवा अरुंद करणे एवढेच मार्ग उरतात. म्हणजे अरुंद अक्षराला नाक मुरडणारा बहुतेक वेळा नकळत लहान अक्षर पत्करत असतो. नावांचेही तेच. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ हे नाव रोजच्या बोलण्यात ‘सीएसएमटी’ झाले आहे. फलकावर ते पूर्ण आणि मोठे दिसावे अशी अपेक्षा असेल, आणि ती रास्त आहे, तर तेवढी जागा कुठून तरी काढावी लागणारच.

दुसरी बाजू लिपीच्या घडणीकडे बोट दाखवते. अरुंद ठळक टाइप वाढला तो एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य भित्तिपत्रकांवर, लाकडी खिळ्यांच्या जोरावर. तिथे बराचसा मजकूर कॅपिटल अक्षरांत असे. सारी अक्षरे एका उंचीची, वर-खाली काही लोंबत नाही, त्यामुळे ओळीवर ओळ घट्ट रचता येते. 1965 मध्ये ब्रिटनमध्ये आलेला आणि पुढे संगणकांतून जगभर गेलेला ‘इम्पॅक्ट’ याच घराण्यातला. देवनागरीत कॅपिटल नाहीत. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. रुंदीत वाचवलेली जागा दोन ओळींमधल्या अंतरात खर्ची पडते.

शिवाय आपली निम्म्याहून अधिक व्यंजने उभ्या दंडाने संपतात आणि काना हा आणखी एक दंडच. ‘सामना’, ‘मामा’, ‘गाणी’ असे शब्द फार आवळले की कुंपणाचे गज दिसू लागतात. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांच्यातला फरक अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागेवर किंवा एखाद्या गाठीवर टिकून असतो आणि दाबताना नेमकी तीच जागा आधी जाते. मराठीचा पाकळीचा ल, जो 2009 च्या शासन निर्णयाने प्रमाण मानला, त्याच्या दोन्ही पाकळ्या शेजारी-शेजारी असतात. त्यांनाही श्वास घ्यायला जागा लागते.

तथापि, या आक्षेपांतला मोठा वाटा चुकीच्या आरोपीच्या माथी मारला जातो. फ्लेक्सच्या दुकानात साधा फाँट घेऊन तो कोरलड्रॉमध्ये बाजूने आत ढकलला, की उभ्या रेघा बारीक होतात आणि शिरोरेषा मात्र होती तितकीच जाड राहते. अक्षर वरून जड, खालून अशक्त दिसते. मुळातच अरुंद आखलेल्या टाइपात असे होत नाही. ‘खंड’मध्ये रेषांची जाडी जवळपास एकसारखी आहे आणि अक्षरांची पोटे जाणीवपूर्वक उघडी ठेवली आहेत. या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

पण आखलेल्या टाइपालाही एक मर्यादा आहे. अक्षररचनाकार कमल शेडगे नाटकाचे शीर्षक रेखाटत, तेव्हा त्या शब्दातले कुठले अक्षर सैल सोडायचे आणि कुठले आवळायचे हे तेच ठरवत. फाँटमधले अक्षर एरवी कुठल्याही शब्दात एकाच रुंदीचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाउंड्रीने 2022 मध्ये आणलेल्या ‘अनेक’ या फाँटमध्ये रुंदी हवी तशी कमी-जास्त करता येते, त्यामुळे गेलेले स्वातंत्र्य थोडे परत आले, ते वापरणारा हात मात्र हवा.

पाट्यांचा प्रश्न कायद्यामुळे अधिक टोकदार झाला. महाराष्ट्रातल्या दुकानांविषयीच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनुसार दुकानाचे मराठी नाव इतर भाषेतल्या नावापेक्षा लहान असून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. एकीकडे, सहा-सात फुटी गाळ्याच्या छोट्या दुकानदाराला अरुंद अक्षर हीच सोय आहे: उंची राखली, नियमही पाळला. दुसरीकडे, त्याच उंचीत मराठी आवळून आणि इंग्रजी ऐसपैस पसरून नियमाचा शब्द पाळता येतो आणि हेतू बाजूला ठेवता येतो. दोन्ही लिपींना एकच पॉइंट साइज दिला तरी देवनागरी बहुधा लहानच दिसते, कारण मात्रा-उकारांची जागा त्याच मापात धरलेली असते.

आमचा कल असा. वर्तमानपत्राचे मथळे, भित्तिपत्रके, पुस्तकांची मुखपृष्ठे इथे, म्हणजे वाचणारा थांबलेला असतो तिथे, आखीव अरुंद टाइप निःसंकोच वापरावा. रस्त्यावरचे दिशादर्शक, स्थानकांची नावे, रुग्णालयातले फलक इथे चालता-धावता वाचावे लागते; तिथे रुंद अक्षर ठेवावे आणि जागा कमी पडली तर नाव दोन ओळींत मांडावे. दुकानाच्या पाटीवर दुकानदाराला मुभा असावी, पण पाटीवरच्या दोन्ही लिपी सारख्याच प्रमाणात आवळलेल्या असाव्यात. तपासणी करणाऱ्याने पॉइंट साइज न विचारता शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलच्या उंचीशी ताडून पाहावी. याने काही पाट्या पुन्हा कराव्या लागतील आणि तो खर्च लहान दुकानदारालाच अधिक टोचेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून हा निकष नव्या पाट्यांपुरताच ठेवावा. आधीच नियमात बसवून लावलेल्या पाट्या त्यांचे आयुष्य संपेपर्यंत राहू द्याव्यात.