नळी, घड्याळ आणि सही



“इस्पितळात गेलं की तो फॉर्म पुढे करतात, त्यावर सही करावी का?” असं आम्हाला फोनवर पुष्कळ जण विचारतात. प्रश्न फॉर्मचा वाटतो, पण मुळात तो राज्यघटनेचा आहे. नकोसे उपचार नाकारण्याचा हक्क प्रत्येक देश आपापल्या परीने सांभाळतो. आपली माणसं तीन देशांत विखुरलेली, म्हणून तिन्हीकडचं सांगतो.

आधी मुंबई. के.ई.एम.च्या नर्स अरुणा शानबाग कुणाला आठवत नाहीत? नोव्हेंबर १९७३ मध्ये इस्पितळातच त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, आणि त्या पुन्हा पूर्ण भानावर आल्याच नाहीत. लेखिका पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या की आता त्यांना सुटू द्या. २०११ मध्ये कोर्टाने अर्ज फेटाळला. अरुणाबाईंच्या वतीने बोलायचा मान विराणींना नाही, तर के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांचं म्हणणं एकच : आम्ही सांभाळू. २०१५ मध्ये त्या वारल्या तोवर सांभाळलं, आणि बेडसोअर होऊ दिला नाही. ज्यांनी रुग्णाची कूस बदलली आहे त्यांनाच कळेल हे केवढं काम!

पण त्याच निकालाने दारही किलकिलं केलं. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की घटनेच्या २१ व्या कलमातल्या जीविताच्या हक्कात सन्मानाने मरणंही येतं, आणि तशी इच्छा आधी लिहून ठेवता येते. अटी मात्र अशा की मॅजिस्ट्रेटची सही हवी! २०२३ मध्ये त्या सैल केल्या. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो.

इथे अमेरिकेत नॅन्सी क्रूझन नावाची तरुण मुलगी १९८३ च्या मोटार अपघातानंतर नळीवर होती. आईबापांनी नळी काढायला सांगितली, मिसूरी राज्य नको म्हणालं. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने उपचार नाकारायचा हक्क मानला, पण तिची स्वतःची इच्छा काय होती त्याचा पक्का पुरावा मागायची राज्याला मुभा दिली. म्हणजे आईबापांचा शब्दही पुरेसा नाही! पुढे तिच्या ओळखीच्यांनी साक्ष दिली तेव्हा कुठे नळी निघाली. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा केला, आणि तेव्हापासून इस्पितळं हा फॉर्म विचारतात.

इस्रायलमध्ये एकसंध लिखित घटना नाही, मूलभूत कायदे आहेत; मानवी प्रतिष्ठेचा १९९२ चा. २००५ च्या कायद्याने मरणासन्न रुग्णाचं चालू असलेलं व्हेंटिलेटर हाताने बंद करणं मना केलं, पण त्याला टायमर लावायची सोय ठेवली. वेळ संपली की पुन्हा सुरू करायचं की नाही, ते रुग्णाच्या इच्छेवर. हलाखा आणि डॉक्टर दोघांना पटेल असा तोडगा. आम्हाला तर फार शहाणपणाचा वाटतो, कुणी काही म्हणो.

तेव्हा सही करा, पण आधी घरात बोला. मुलांनो, आजीआजोबांनी विषय काढला तर “असं अभद्र बोलू नका” म्हणून गप्प करू नका. नीट ऐकून घ्या, क्रूझनच्या घरी तेच कमी पडलं. फॉर्म प्रत्येक राज्याचा वेगळा, तेव्हा फ्लोरिडाला मुलाकडे राहायला गेलात तर तिथला भरा. हिवाळा मुंबईत काढणाऱ्यांनी तिथलाही कागद करून ठेवावा. एक प्रत डॉक्टरांकडे, एक मुलांकडे. बँकेच्या लॉकरमध्ये तेवढी ठेवू नका. रात्री दोन वाजता लॉकर कोण उघडणार?