शनिवारचा जमाखर्च

इ.स. १८७८ च्या सुमारास कलकत्त्यातील एका क्रीडासंस्थेने आपला हिशेब मिटवला. १८७२ च्या नाताळच्या दिवशी तेथील ब्रिटिश रहिवाशांनी रग्बीचा एक सामना खेळला आणि त्या उत्साहाच्या भरात पुढच्याच महिन्यात ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ स्थापन केला. पाच वर्षांत तो उत्साह ओसरला. बंगालचा उष्मा या धसमुसळ्या खेळाला मानवेना. पोलो आणि टेनिस यांनी खेळाडू ओढून नेले. क्लबात मिळणारे फुकटचे मद्य बंद झाले, तेव्हा तर सभासदांची संख्या झपाट्याने घटली. सभासद उरले नाहीत. खात्यात शिल्लक मात्र उरली. कर्णधार, चिटणीस आणि खजिनदार अशा तिन्ही जबाबदाऱ्या सांभाळणारे जी. ए. जेम्स रॉथनी यांनी ती शिल्लक वाटून घेण्याऐवजी वेगळा मार्ग सुचवला. बँकेतून चांदीचे २७० रुपये काढण्यात आले, ते वितळवण्यात आले आणि त्यांचा एक सुबक चषक घडवण्यात आला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा चषक ‘कलकत्ता कप’ म्हणून आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सामन्यात दिला जातो.

या कथेचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. चषक इंग्लंडच्या रग्बी युनियनकडे पाठवताना कलकत्त्याच्या मंडळींची इच्छा निराळी होती. इंग्लंडमधील क्लबांनी दरवर्षी या चषकासाठी आपसात स्पर्धा खेळावी, असे त्यांना वाटत होते. युनियनने चषक स्वीकारला, पण ती इच्छा स्वीकारली नाही. क्लबांमध्ये चषकासाठी चुरस लागली की ईर्ष्या वाढेल, ईर्ष्येमागून पैसा येईल आणि हौसेचा खेळ धंद्याचा होईल, अशी तिला भीती वाटत होती. म्हणून १८७९ साली एडिंबरो येथे चषक दोन देशांच्या हवाली झाला. इंग्लंडमधील क्लबांना देशव्यापी बाद स्पर्धेसाठी १९७१ पर्यंत आणि क्रमवार गटांच्या साखळी स्पर्धेसाठी थेट १९८७ पर्यंत वाट पाहावी लागली.

हौसेचा खेळ पैशापासून दूर ठेवावा, हा विचार ऐकण्यास उदात्त वाटतो. परंतु प्रत्येक हौसेचा खर्च कोणी तरी सोसतच असतो. तो खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा प्रश्न विचारला की या उदात्ततेची दुसरी बाजू दिसू लागते.

१८७१ च्या जानेवारीत लंडनमध्ये २१ क्लबांच्या प्रतिनिधींनी रग्बी युनियन स्थापन केली. तिची सूत्रे खानदानी विद्यालयांत शिकलेल्या, सुस्थितीतील गृहस्थांच्या हाती होती. उत्तरेकडील यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत मात्र खेळाडू होते ते गिरण्यांतले कामगार आणि खाणींतले मजूर. त्यांचे काम शनिवारी दुपारपर्यंत चाले. परगावच्या सामन्याला जायचे तर सकाळची पाळी बुडवावी लागे आणि तेवढी मजुरी हातची जाई. त्या बुडालेल्या वेळेची भरपाई क्लबाने द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. १८९३ च्या सर्वसाधारण सभेत ही मागणी २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना उभारली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याचे ठरवले. एका खेळाचे दोन खेळ झाले. रग्बी युनियन आणि रग्बी लीग असे ते दोन प्रवाह आजही स्वतंत्रपणे वाहतात.

ज्याची पेढी नोकर सांभाळतात त्याला एक दिवस सुट्टी घेण्याचे काही वाटत नाही. ज्याचे दुकान स्वतः उघडल्याशिवाय उघडत नाही, त्याला एका दिवसाचे मोल नेमके ठाऊक असते. युनियनच्या गृहस्थांना हा फरक उमगला नाही. त्यांची हौस स्वतःच्या मिळकतीवर चाले आणि मजुरानेही तसेच करावे, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे शंभर वर्षे युनियनने पैशाला दाराबाहेर ठेवले आणि २७ ऑगस्ट १९९५ रोजी जागतिक मंडळाने ते दार एकदम उघडले. खेळाडूंना वेतन देण्याची मुभा मिळाली. त्या उघड्या दारातून काय आत आले, हे पाहण्यासाठी थेम्सकाठच्या रिचमंड क्लबाचे उदाहरण पुरेसे आहे.

रिचमंड हा १८६१ साली स्थापन झालेला जुना क्लब. युनियनच्या स्थापनेसाठी ज्यांनी वृत्तपत्रातून आवाहन केले, त्या दोघांपैकी एडविन अ‍ॅश हे याच क्लबाचे चिटणीस होते. १९९६ साली अ‍ॅश्ली लेव्हिट या धातूंच्या धनाढ्य व्यापाऱ्याने रिचमंडमध्ये पैसा ओतला. बेन क्लार्क, स्कॉट क्विनेल, आर्जेंटिनाचा अगुस्तिन पिचोत असे नामांकित खेळाडू दाखल झाले. १९९७ साली संघ सर्वोच्च गटात पोहोचला. जुने मैदान अपुरे पडू लागले म्हणून सामने रेडिंग शहरातील मोठ्या क्रीडागारात नेले गेले. प्रेक्षक मात्र खर्चाच्या वेगाने वाढले नाहीत. १९९९ च्या आरंभी लेव्हिट यांनी हात आखडता घेतला आणि काही आठवड्यांतच कारभार प्रशासकांच्या ताब्यात गेला. शेजारच्या लंडन स्कॉटिश क्लबासह रिचमंडचा व्यावसायिक संघ लंडन आयरिश संघात विलीन करण्यात आला. एकशे अडतीस वर्षांच्या संस्थेला तीन वर्षांच्या श्रीमंतीने जमिनीवर आणले.

व्यापारी घरांत हा धडा नवा नाही. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चालणारी पेढी भरभराटीला आलेली दिसते, पण तिचे भवितव्य तिच्या स्वतःच्या हाती नसते. शंभर लहान गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या दुकानाचा थाट कमी असतो. त्यातले एखादे गिऱ्हाईक तुटले तरी दुकान मात्र बंद पडत नाही.

रिचमंडचे सभासद हेच सूत्र धरून पुन्हा कामाला लागले. मैदान होते, नाव होते, वर्गणी देणारे होते. २००० साली क्लबाने साखळीच्या अगदी तळाच्या प्रादेशिक गटात प्रवेश घेतला. कालपर्यंत जगद्विख्यात खेळाडू ज्या नावाने खेळले, त्या नावाचा संघ आता आडगावच्या चिखलात कार्यालयीन नोकरदारांशी आणि सुतार-गवंड्यांशी झुंजू लागला. गटामागून गट ओलांडत तो वर चढला आणि २०१६ साली देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या गटात पोहोचला. त्या संघातील बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे होते. जी उंची पैशाने तीन वर्षांत गाठून गमावलीही, तिच्या एक पायरी खालपर्यंत हौशी मंडळी सोळा वर्षांत स्वतःच्या पायांनी चालत आली.

पुढची घटना अधिक बोलकी आहे. २०२२-२३ या एकाच हंगामात सर्वोच्च गटातील तीन संघ कोसळले. सप्टेंबरमध्ये वूस्टर प्रशासकांच्या हाती गेला, ऑक्टोबरमध्ये वॉस्प्स गेला आणि जूनमध्ये लंडन आयरिशवर निलंबनाची पाळी आली. रिचमंडला ज्या संघात विलीन केले होते, तोच हा लंडन आयरिश. वॉस्प्सने २०१५ साली साडेतीन कोटी पौंडांचे रोखे विकले होते. २०२२ च्या मे महिन्यात त्यांची मुदत भरली तेव्हा परतफेडीची सोय झालेली नव्हती. याच वॉस्प्सचा हौशी क्लब मात्र व्यावसायिक संघापासून पूर्वीच वेगळा झालेला होता. लंडनच्या पश्चिमेस अ‍ॅक्टन येथील मैदानावर तो खेळत राहिला. रोख्यांवर उभा असलेला संघ प्रशासकांच्या हाती गेला, वर्गणीवरचा संघ शनिवारी मैदानात उतरला.

असा हौशी क्लब चालतो तरी कसा? खेळाडू वर्षाची वर्गणी देतो, शिवाय बहुतेक ठिकाणी दर सामन्याला ठरावीक रक्कम देतो. येथे खेळाडूला पैसे मिळत नाहीत. खेळण्यासाठी तोच पैसे मोजतो. मैदानावर रेषा आखणारा एखादा निवृत्त सभासद असतो. सदरे धुणारे, मुलांना रविवारी सकाळी शिकवणारे, सामन्यानंतर दोन्ही संघांना जेवू घालणारे हात विनामोबदला राबत असतात. घनघोर झुंजीनंतर पाहुण्या संघाला पंगतीला बसवण्याची प्रथा या खेळात फार जुनी आहे. समोरच्याला धुळीत लोळवणारा आणि तासाभराने त्याच्याच ताटात वाढणारा माणूस एकच असतो.

स्पर्धेची रचनाही लहान संघाचे धैर्य टिकवणारी आहे. सामना ऐंशी मिनिटांचा, प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू. चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवला की पाच गुण मिळतात; त्याला ‘ट्राय’ म्हणतात. विजयाला साखळीत चार गुण मिळतात, परंतु चार ट्राय करणाऱ्या संघाला एक जादा गुण मिळतो आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघालाही एक गुण दिला जातो. त्यामुळे पराभव निश्चित झाल्यावरही शेवटच्या मिनिटाला झुंज सुटत नाही. कित्येकदा हंगामाअखेरीस वरच्या गटात जाणारा आणि खालच्या गटात घसरणारा यांतले अंतर अशाच हरलेल्या सामन्यांतून साठवलेल्या एकेका गुणाचे असते. पैशाला पैसा जोडणाऱ्याला याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. शनिवारी पंधरा माणसे जमवणे हीच कर्णधाराची पहिली लढाई असते. एकाला दुकानात थांबावे लागते, दुसऱ्याच्या घरी बारसे असते, तिसऱ्याचा खांदा मागच्या आठवड्यात निखळलेला असतो. स्क्रमच्या पहिल्या फळीत शिकलेलेच खेळाडू लागतात. ते नसतील तर दोन्ही बाजूंना न ढकलता केवळ नावापुरता स्क्रम घ्यावा लागतो. ज्या क्लबांचे पूर्वी चार-पाच संघ उतरत, त्यांतल्या अनेकांना आता दोन उभे करताना दमछाक होते. करोनाच्या साथीत २०२०-२१ चा साखळी हंगामच रद्द झाला आणि वर्षभर घरी राहिलेले काही पाय पुन्हा मैदानाकडे वळलेच नाहीत. प्रवास कमी व्हावा म्हणून २०२२ पासून अनेक गटांतील संघांची संख्या कमी करण्यात आली.

सर्वांत गंभीर प्रश्न डोक्याला होणाऱ्या इजांचा. हौशी खेळाडूला सोमवारी कामावर जायचे असते. त्याच्या दुखापतीची किंमत त्याचे कुटुंब मोजते. जानेवारी २०२३ मध्ये युनियनने हौशी सामन्यांत कमरेच्या वर पकड करण्यास बंदी घोषित केली. क्लबांशी पुरेशी चर्चा झाली नव्हती. विरोध इतका उसळला की युनियनला क्षमा मागावी लागली. विचारविनिमयानंतर पकडीची मर्यादा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत ठरली आणि २०२३-२४ च्या हंगामापासून लागू झाली. १८९३ साली ज्यांचा आवाज मतांखाली दाबला गेला, त्यांच्या वारसांचे म्हणणे या वेळी ऐकावे लागले आणि सुरक्षेचा हेतूही टिकून राहिला.

या साऱ्याचे भारताशी नाते केवळ चषकापुरते नाही. कलकत्त्याचा तो क्लब १८८४ साली पुन्हा उभा राहिला आणि पुढे तेथील क्रिकेट क्लबाशी एकरूप होऊन आजही नांदतो आहे. मुंबईत क्रिकेटची मैदाने पावसाळ्यात ओस पडली की रग्बीचे दिवस येतात. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या भिजल्या हिरवळीवर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. येथेही खेळणारे बहुतेक जण पोटापाण्याचा उद्योग निराळा करतात आणि संध्याकाळ या खेळाला देतात.

हौस म्हणजे फुकट मिळणारी वस्तू नव्हे. ती कोणाच्या वेळेवर, कोणाच्या मजुरीवर, कोणाच्या श्रमांवर चालली आहे, याची नोंद ज्या संस्थेच्या वहीत स्पष्ट असते, ती पडली तरी उठते. उत्तरेकडच्या मजुराची बुडालेली पाळी वहीत लिहिण्यास युनियनने नकार दिला, तेव्हा खेळ दुभंगला. रिचमंडच्या वहीत एकच मोठा आकडा राहिला, तेव्हा क्लब कोसळला. शेकडो लहान आकडे पुन्हा लिहिले जाऊ लागले, तेव्हा तो सावरला. रॉथनी यांच्यापाशी माणसे उरली नव्हती, केवळ २७० रुपये होते, आणि त्यांनी त्यांचा चषक केला. ज्या क्लबापाशी रुपये थोडे पण माणसे पुष्कळ आहेत, त्याला पुढच्या शनिवारची चिंता असते. पुढच्या पिढीची नसते.