कालवा जहाजांचा, बुडणार मात्र शेतकऱ्यांचं गाव

पनामा कालवा म्हणजे दोन समुद्र जोडणारा खाऱ्या पाण्याचा चर, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. चाग्रेस नदीवर गातून धरण बांधून 1913 साली तलाव भरला, समुद्रापेक्षा 26 मीटर उंच. जहाज पायरी-पायरीने वर चढतं, तलाव ओलांडतं, पलीकडे उतरतं. ही चढउतार होते गोड्या पाण्यावर. एका जहाजामागे जवळपास 19 कोटी लिटर पाणी समुद्रात जातं. माणशी रोज 135 लिटर धरा, म्हणजे 14 लाख लोकांचं एका दिवसाचं पाणी!

2023 मध्ये पाऊस दगा देऊन गेला. रोजची 36 जहाजं 24 वर आली. रांग टाळायला एका कंपनीने लिलावात जवळपास 40 लाख डॉलर मोजले. एका फेरीचे, तेही नेहमीच्या टोलवर.

आता उपाय काय काढलाय? शेजारच्या रिओ इंदिओ नदीवर आणखी एक धरण. दोन हजारांवर लोकांना घरदार, शेती सोडावी लागणार. ते विरोध करतायत, तर त्यांना विकासाच्या आड येणारे ठरवलं जातंय.

सरकार म्हणतं, शहरांना प्यायलाही हेच पाणी लागतं. खरंय, पनामा सिटी आणि कोलोन याच तलावांवर जगतात. मग आधी पिण्याचा वाटा कायद्याने बाजूला काढा, उरलेल्या पाण्यात जितकी जहाजं जातील तितकी जाऊ द्या. 2016 च्या नव्या दरवाजांत 60 टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. 1914 च्या जुन्या दरवाजांना अशा टाक्याच नाहीत. खर्च आधी तिथे करा. 40 लाख डॉलर मोजणाऱ्यांना हा भार जड नाही.

आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. गातूनच्या वेळीही गावं बुडाली, 1912 मध्ये अमेरिकी सरकारने कालव्याच्या पट्ट्यातली वस्ती हलवायचा हुकूमच काढला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत आपल्याकडे मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांसोबत धरणाविरुद्ध उभे राहिले. वीज मुंबईला, जमीन गेली मावळ्यांची. कोयनेची माणसं तर अजून पुनर्वसनासाठी हेलपाटे घालतायत.

म्हणून पनामाचा प्रश्न मला लांबचा वाटत नाही. पाणी कमी पडलं की सगळ्यात गरीब खोरंच का आठवतं? जहाजांना थांबायला सांगा की एकदा!

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर.