मोटरीला केबल पारखून घेता, मग बोर्डाला मोबाईलचा चार्जर कशाला?



ठिबकचे व्हॉल्व्ह, पॉलिहाऊसचे फॉगर, टाकीची पातळी, या सगळ्यांसाठी हल्ली बरेच जण रास्पबेरी पाय बसवतायत. चांगलंच आहे. पण थोड्याच दिवसांत रडगाणं सुरू होतं. बोर्ड मधेच बंद पडतो, परत चालू होतो, मेमरी कार्ड उडतं. विकणारा म्हणतो, "तुमच्याकडची लाईटच बेकार." आणि आपणही मान डोलावतो.

मला हे मान्य नाही. चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. लाईट थोडी डाऊन झाली म्हणून तो पडत नाही. हजारोंचं किट विकायचं आणि आत दोनशेचा चार्जर कोंबायचा, मग खापर फोडायचं गावाच्या डीपीवर. ही चलाखी झाली.

"मोबाईलला चालतो, मग याला का नाही?" कारण मोबाईलला स्वतःची बॅटरी असते. व्होल्टेज पडलं तर चार्जिंग हळू होतं, बस्स. या बोर्डाला बॅटरी नाही. साधारण ४.६ व्होल्टच्या खाली गेलं की तो कुरकुरायला लागतो. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाईल खराब. एप्रिलच्या दुपारी फॉगर सुरू झाले नाहीत तर रोपं तुमची मरतात, विकणाऱ्याची नाही.

चार्जरवर ६७ वॅट लिहिलंय म्हणून भुलू नका. ते वॅट जास्त व्होल्टचे. बारीक अक्षरात ५ व्होल्टला किती अँपियर लिहिलेत तेवढंच बघा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपियर लागतो, ३ बी प्लसला २.५ अँपियर, पाय ५ ला ५ अँपियर.

आता केबल. बोअरची मोटर लांब असली की आपण जाड केबल घेतो, नाहीतर मोटर नुसती घुं घुं करते. इथंही गणित तेच. बारीक वायरचा रोध पाव ओहम धरला आणि २ अँपियर ओढले, तर अर्धा व्होल्ट वायरीतच गेला. ५.१ चे राहिले ४.६. म्हणून केबल जाड आणि आखूड घ्या.

सोलरवाल्यांनो, १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते. ती बोर्डाला थेट लावायची नाही. मधे ५.१ व्होल्टचा बक कन्व्हर्टर हवा, तोही बोर्डाजवळ. लांबवर १२ व्होल्टच न्या. १० वॅटला १२ वर १ अँपियरही लागत नाही, ५ वर २ लागतात. बॅटरीजवळ फ्यूज टाका. व्हॉल्व्हचा सप्लाय वेगळा ठेवा.

तपासायचं असेल तर बोर्डाला स्क्रीन जोडा आणि व्हॉल्व्ह चालू करा. कोपऱ्यात विजेचं चिन्ह किंवा लो व्होल्टेजची सूचना आली तर सप्लाय नाहीतर केबल बदला. नवीन बोर्ड घेऊ नका.

आणि किट घेताना बिलावर सप्लायचे व्होल्ट-अँपियर लिहून मागा. पंपाचा एचपी लिहून घेतोच की आपण. लिहून द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्याकडून घेऊच नका.