गाजरगवत आणि उघडे हात

मुलांनो, पंधरा ऑगस्ट जवळ आला की तुमच्या शाळेत काय काय होतं, सांगा पाहू? झेंडावंदनाची तालीम, समूहगीत आणि मैदानाची साफसफाई! एक तास बुडतो म्हणून तुम्ही खूश, मैदान स्वच्छ होतं म्हणून गुरुजी-बाई खूश. त्यातून १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजरगवत जागरूकता सप्ताह म्हणून पाळतात. मग पुष्कळ शाळांतून मुलांना रांगेत उभं करून गवत उपटायला लावतात. गवत उपटावं, यात वाद नाही. पण ते कोणी आणि कशा हातांनी उपटावं, यावरून मला आज जरा भांडायचंच आहे.

आधी ओळख करून घेऊ. हे झाड घाटावर जास्त, पण आपल्याकडेही कमी नाही. आमच्या शिरवण्याला पहिला पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की मोकळे प्लॉट, रस्त्याच्या कडा, रुळांलगतची जागा सगळीकडे ते डोकं वर काढतं. पानं अगदी गाजराच्या पानांसारखी कातरलेली, म्हणून गाजरगवत. खरं तर ते गवत नव्हेच, सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातलं झाड आहे. फुलं पांढरी, बारीक, चांदण्या सांडल्यासारखी. म्हणून कुणी त्याला चटकचांदणी म्हणतं. पांढऱ्या टोपीवरून काँग्रेस गवतही म्हणतात. दिसायला गोजिरवाणं. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात, म्हणजे यंदाचं एक झाड पुढच्या साली अख्खा प्लॉट व्यापू शकतं!

हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या बाजूचं. १९५५ साली पुण्यात कचऱ्याच्या ढिगावर ते वाढलेलं राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना दिसलं आणि १९५६ साली त्यांनी मुंबईच्या एका निसर्गविषयक नियतकालिकात त्याची नोंद छापली. परदेशी गव्हाबरोबर ते आलं असं आजोबा-आजी सांगतात. अभ्यासकांचं मात्र त्यावर एकमत नाही. कसंही आलेलं असो, पुढच्या वीस वर्षांत ते पुणे परिसरात इतकं माजलं, की शेतात राबणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खोबणीत खाज सुटू लागली. कातडी जाड आणि काळपट होऊ लागली. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांचे दोन परदेशी सहकारी यांनी १९७४ साली या रोगावर लेख लिहिला. दोषी ठरलं ते पार्थेनिन नावाचं रसायन. या झाडाच्या पानांवर, देठांवर बारीक लव असते ना, तिच्यात ते असतं. परागांतही असतं.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही मागच्या वर्षी हातांनीच उपटलं होतं. काही नाही झालं!"

बरोबर आहे. काही होत नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. खाजकुयली लागली तर लागल्या क्षणी आग होते, आपण हात मागे घेतो. गाजरगवत तसं नाही. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नसते. पार्थेनिन कातडीत शिरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, त्या या नव्या पाहुण्याकडे रोखून बघतात. कुणाच्या शरीरात त्या नुसत्या बघतात आणि सोडून देतात. कुणाच्या शरीरात मात्र त्या त्याला शत्रू ठरवतात आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवतात. हे ठरायला आठवडे लागतील, महिने लागतील, कधी वर्षंही. बाहेरून काहीच कळत नाही. मग एक दिवस तुम्ही पुन्हा तेच झाड उपटता, आणि एक-दोन दिवसांनी हात-तोंड लालभडक! तोवर झाड उपटल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. आई म्हणते, वांगं खाल्लंस म्हणून झालं.

आणि एकदा ठेवलेली ही आठवण शरीर सहसा पुसत नाही. मग ते झाड उपटायचीही गरज उरत नाही. वाळलेल्या पानांचा भुगा वाऱ्यावर उडून चेहऱ्यावर बसला तरी पुरे. काहींना तर कुळातल्या शेवंतीचाही त्रास होऊ लागतो. विचार करा, ज्या शेतकऱ्याला ही ॲलर्जी जडते त्यानं शेत सोडून जायचं कुठं?

'ॲलर्जी' हा शब्द काढला तो व्हिएन्नाच्या फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञानं, १९०६ साली. त्याचा अर्थ साधारण 'निराळं वागणं' असा. एकाच वस्तूशी दोन शरीरं निराळी वागतात. आमच्याकडे घरोघरी कोळंबी शिजते. दहा मुलं बोटं चाटत खातात आणि अकराव्याच्या अंगावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत गांधी उठतात. तिथं हिस्टामिन नावाचं रसायन शरीर एकदम सोडतं, म्हणून घाई. गाजरगवताचं काम सावकाशीचं. दोन्ही ॲलर्जीच, पण वाटा वेगळ्या. (कोळंबीवाल्याच्या ओठांना सूज आली, श्वास लागला, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.)

ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य दोनदा वाचा. वर्गात एखाद्याच्या हातावर चट्टे दिसले की बाकावरची मंडळी हळूच सरकतात, डबा वेगळा होतो, "त्याला खरूज झालीय" असं कानोकानी फिरतं. मी हे बघितलेलं आहे. त्या मुलाला खाजेपेक्षा ती मोकळी राहिलेली जागा जास्त टोचते. चट्टे नक्की कशाचे हे डॉक्टर ठरवतील, बाकावरच्या मंडळींनी ठरवायचं नाही.

पालकांनो, तुमच्याशीही दोन शब्द. मुलाच्या अंगावर असे चट्टे आले तर मेडिकलवाल्याला विचारून मलम आणू नका. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पुढे कातडी पातळ होते आणि दुखणं उलटतं. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. गरज वाटली तर ते पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून कुठल्या पट्टीखाली लाल झालं ते बघतात. सुई नाही, दुखणं नाही. आणि जाताना मुलाचा गेल्या तीन-चार दिवसांचा दिनक्रम एका कागदावर लिहून न्या: कुठं खेळला, काय खाल्लं, कशाला हात लावला.

राहिला प्रश्न मैदानाचा. गाजरगवत फुलं येण्याआधी, पावसानं माती ओली असताना, मुळासकट काढायचं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाका-तोंडावर रुमाल. हातमोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालून मनगटावर बांधल्या तरी भागतं. मधेच डोळे चोळायचे नाहीत. काम झाल्यावर साबणानं हात-तोंड धुवायचं, कपडे वेगळे धुवायचे. आणि हे काम मोठ्यांचं, बरं का! मुलांनी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाच्या शरीरातल्या पेशी शत्रू ठरवणार आहेत हे आधी ओळखता येत नाही, मग चाळीस मुलांचे उघडे हात पणाला कशाला लावायचे? "आमच्या वेळी आम्ही नाही का उपटलं?" असं म्हणणारे शिक्षक भेटतील. त्यांना हा अंक नम्रपणे वाचायला द्या.

तुम्हांला काम हवंच असेल तर दोन कामं आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात टाकळ्याची भाजी करतात ना, तो टाकळा, घाटावरचा तरोटा, दाट उगवला की गाजरगवताला वाढू देत नाही. पावसाळा संपताना टाकळ्याच्या वाळक्या शेंगा गोळा करून ठेवा. पुढच्या पावसाआधी मोठ्यांबरोबर जाऊन मोकळ्या जागेत बी फेका. दुसरं काम डोळ्यांचं. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला एक भुंगेरा आणला. तज्ज्ञांनी त्याला आधी तपासलं, मग मोकळं सोडलं. तो गाजरगवताची पानं फस्त करतो. आकार साधारण तुरीच्या दाण्याएवढा, फिक्या पाठीवर गडद तपकिरी रेघा. पावसाळ्यातच दिसतो. तुमच्या गल्लीतल्या गाजरगवताजवळ जा, हात न लावता पानांच्या खाली-वर बघा, आणि किती भुंगेरे दिसले ते तारखेसह लिहून मला पाठवा. पानं जाळीसारखी खाल्लेली दिसली आणि भुंगेरा नसला, तरी ते कळवा.